रथापुरती वाट

आमच्या जुन्या घराच्या बोळात, जिन्यामागे, एक वेळू उभा असायचा. मी लग्न होऊन जुन्या जळगावात आले त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तो जळमटं काढायला उचलला, तर सासूबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "त्याले हात नको लावू माय. तो मापाचा हाये." मग मला दिसलं, वेळूला दोन ठिकाणी लाल चिंध्या बांधल्या होत्या. या चिंधीपासून त्या चिंधीपर्यंत रथाची रुंदी. चिंध्यांच्या बाहेर दोन्हीकडे चार-चार बोटं जास्तीची. आजेसासऱ्यांनी तो कापून ठेवला होता. गल्लीत कोणी ओटा बांधायला काढला, कोणी पत्रे पुढे ओढले, की वेळू बाहेर निघायचा. दोन माणसं दोन टोकं धरून गल्लीभर चालत जायची. जिथे वेळू अडेल तिथल्या घरवाल्याने विटा मागे घ्यायच्या. त्यावर वाद झाल्याचं मला सासूबाईंच्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही. देवाची वाट अडवली असं आपल्या नावावर कोण लावून घेईल?

रथ म्हणजे श्रीरामाचा रथ. जळगावच्या माणसाला नुसतं 'रथ' म्हटलं की पुरतं. जुन्या जळगावच्या राममंदिरातून कार्तिकी एकादशीला तो निघतो. संत अप्पा महाराजांनी 1872 साली हा उत्सव सुरू केला. प्रतिपदेपासून रोज रात्री वहन, म्हणजे देवाच्या वाहनाची मिरवणूक, निघतं, कधी घोडा, कधी हत्ती, कधी सिंह, कधी सूर्य, कधी चंद्र. घराघरांपुढे पानसुपारी होते, भजन होतं, आणि एकादशीला दुपारी रथ. चौधरी वाडा, तेली चौक, रथ चौक, सुभाष चौक, दाणा बाजार, सराफ बाजार, भिलपुरा असा साऱ्या जुन्या गावाला वेढा घालून तो रात्री उशिरा मंदिराशी परत येतो.

खानदेश हा रथांचा मुलूखच आहे. पारोळ्याला बालाजीचा रथ, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत रथ, आमच्या जळगावातच पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला पांडुरंगाचा रथ. माझं माहेर चोपड्याचं, तिथेही बालाजीचा रथ निघतो. त्यामुळे रथ मला नवा नव्हता. घराच्या भिंती रथाच्या मापाने उभ्या असतात, हे मात्र मला सासरी येऊन कळलं.

रथाला वळवायची सोय नसते. लाकडी आस, जड चाकं, पुढे दोरखंड ओढणारी शेकडो माणसं. थांबवायला आणि वळवायला एकच साधन, मोगरी. लाकडाची पाचर म्हणा. चाकाजवळ वाकून चालणारी माणसं नेमक्या क्षणी एका चाकाखाली मोगरी सारतात, ते चाक अडतं, दुसरं फिरतं आणि रथ तेवढा वळतो. ही जोखमीची विद्या आहे. मोगरी लावणाऱ्याचा हात आणि चाक यांच्यात वीतभर अंतर असतं. त्याने हात वर केला की दोर सैल व्हायला हवेत, ओरडला की थांबायला हवेत. एवढ्या गर्दीत, एवढ्या ढोलताशांत त्याचा आवाज पुढच्या माणसापर्यंत कसा पोहोचतो हे मी तीस वर्षं पाहते आहे आणि अजून मला त्याचं आश्चर्य वाटतं. त्याच्या हातात रथ असतो खरा, पण वाट त्याच्या हातात नसते. वाट आम्ही द्यायची असते.

1872 या सालाबद्दल मी पुष्कळदा विचार करते. आपण परंपरा म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे कायम तसंच असलेलं एक गाव येतं. जळगाव तेव्हा तसं मुळीच नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1860 च्या दशकात खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, 1864 मध्ये नगरपालिका झाली, आणि एका साध्या कसब्याची कापसाची पेठ होऊ लागली. बाहेरगावचे अडते, दलाल, गाडीवान, हमाल इथे येऊन राहत होते. 1870 च्या दशकात खानदेश मिल उभी राहिली. पुढे 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशची कचेरी जळगावला आली. म्हणजे रथ पहिल्यांदा निघाला तेव्हा हे गाव भराभर वाढत होतं, ओळखू येईनासं होत होतं. त्या वर्षीही कुणीतरी म्हातारं ओट्यावर बसून म्हणालं असेल, गाव काही पहिलं राहिलं नाही. मला वाटतं, अशा गावाला वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून ओढायचं काहीतरी लागत असावं.

आजेसासरे त्याच खानदेश मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मी आले तेव्हा ते नव्हते, मिलही बंद पडली होती. पण सासूबाई अजून "भोंग्याच्या वक्ताले" असं म्हणतात. आज मिलच्या जागेवर खानदेश सेंट्रल आहे. स्टेशनातून उतरणाऱ्या नव्या माणसाला त्या नावातलं 'खानदेश' कुठून आलं हे कळायचं काही कारण नाही.

घर धाब्याचं होतं. सागाचे खांब, त्यावर तुळया, त्यावर कडीपाट, आणि सगळ्यांच्या वर हातभर जाडीची माती. खानदेशात घरावर कौल कमी, धाबंच जास्त, कारण इथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि त्या मातीच्या थराखाली दुपारी दोन वाजता माणसाला झोप लागू शकते. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकायची. गाढवांवरून गोण्या यायच्या. खारी पसरायची, चोपायची, पन्हाळ्या मोकळ्या करायच्या. एक वर्ष चुकलं की श्रावणात माजघरात पातेली मांडायची वेळ. पण दरवर्षीच्या मातीने छत दरवर्षी थोडं जडही होत जातं, ही गोष्ट कोणी मोजत नाही. आमच्या मधल्या खणाची तुळई वाकली तेव्हा सुतार म्हणाला, "शंभर वर्षांची माती आहे वर, बाई. तिने तरी किती धरायचं?"

वाडे बिल्डर पाडतात असं लोकांना वाटतं. मी आतून पाहिलं आहे. वाडा आधी कागदावर पडतो. आमच्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर 19 नावं होती. त्यातली सहा माणसं वारलेली, दोन आत्या नाशिकला, एक चुलत दीर सुरतेला, एकाची मुलगी ऑस्ट्रेलियात. तुळई बदलायला पैसे कोणी द्यायचे, या एका प्रश्नावर पाच वर्षं गेली. जो राहतो त्याने द्यावेत, असं बाहेरच्यांचं म्हणणं. ज्याचा हिस्सा आहे त्याने द्यावेत, असं आमचं. दोघांचंही खरं होतं. या मधल्या काळात पाऊस काही थांबला नाही. समोरच्या वाड्यात तर जुने भाडेकरू महिना चाळीस रुपयांवर होते, मालक डागडुजी करेना, भाडेकरू जागा सोडेनात, आणि एका जुलैच्या रात्री त्यांच्या मागच्या खणाचं धाबं आपणहून खाली आलं. माणसं ओसरीत झोपली होती म्हणून वाचली. त्या रात्रीनंतर सासऱ्यांनी म्हटलं, आता सह्या गोळा करा.

सह्या जमायला तीन वर्षं लागली. त्या काळात गल्ली किती बदलली हे आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही तिच्यातच होतो. एकेक कुटुंब उठलं. कोणी गणेश कॉलनीत गेलं, कोणी महाबळला, कोणी रिंग रोडला. तिथे अंगण आहे, गाडी दाराशी उभी राहते, पोरांच्या शाळेची बस येते. मी कोणाला नावं ठेवत नाही. आमच्याकडे पाणी दोन-तीन दिवसांनी येतं आणि आलं की चार हंडे वरच्या मजल्यावर चढवावे लागतात. मेहरूणचा तलाव झाला, गिरणा झाली, आता वाघूरचं पाणी आहे, पण हंडा उचलणारा हात बाईचाच राहिला.

आणि जे उठून गेले त्यांच्या खोल्यांत कारागीर आले.

सराफ बाजार आमच्यापासून पायी दहा मिनिटांवर. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. अकोल्यापासून सुरतेपर्यंतची माणसं लग्नाचं सोनं घ्यायला इथे येतात. ते सोनं घडवणारे हात पुष्कळसे बंगालचे आहेत. हुगळी, हावडा, मेदिनीपूर इकडची पोरं. एका खोलीत आठ-आठ जण, दिवसा तिथेच काम, रात्री तिथेच झोप. लाकडी पाट, फुंकणी, चिमटे, बारीक दिवे. सुरुवातीला गल्लीत कुरबुर झाली. तेजाबाचा वास जिन्यात भरायचा, रात्री एक-एक वाजेपर्यंत दिवे, आणि माशांचा वास तर आमच्या वारकरी घरांना सोसेना. सासूबाईंनी वर्षभर त्यांच्या जिन्याकडे पाहिलं नाही. मग एके दिवशी त्यांच्या पाटलीचा फासा तुटला. त्या पोरांतला सर्वांत लहान, सतरा-अठराचा असेल, तो ओट्यावर बसूनच फासा जोडून गेला आणि पैसे घेईना. "दादी" म्हणाला. तेव्हापासून एकादशीची भगर एक वाटी वरच्या खोलीत जाते.

त्यांच्यामागे झारेकरीही आले. पहाटे सगळ्यांआधी उठून येणारे हे लोक गटाराच्या कडेची, जिन्याच्या पायऱ्यांवरची, कारागिरांच्या उंबऱ्याबाहेरची धूळ झाडून नेतात. ती धुतात, घोळतात, आणि तिच्यातून सोन्याचे कण काढतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक झारेकरी आमच्याच ओट्याखालची फट कुंचल्याने साफ करत होता, इतक्या हळुवारपणे की जणू तान्ह्या मुलाचं अंग पुसतोय. मी विचारलं, इथे काय सापडणार? तो म्हणाला, "बाई, कारागिराच्या कपड्याला लागून येतं. तो इथे बसून विडी ओढतो ना, इथे झडतं." आमच्या ओट्याखाली सोनं होतं आणि आम्ही तिथे पिढ्यानपिढ्या नुसता केर काढत होतो. त्या दिवसापासून मी ओटा झाडते तेव्हा केर त्याच्यासाठी एका कोपऱ्यात सारून ठेवते.

आमच्यापासून पुढे चौधरी वाडा आहे. बहिणाबाई तिथे नांदल्या. त्यांचं घर आता जपलं आहे, त्यांच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत आणि शाळेच्या सहली येतात. 1951 साली त्या गेल्या. म्हणजे त्यांनीही अर्ध्या शतकाहून अधिक काळ हाच रथ आपल्या वाड्यावरून जाताना पाहिला असणार, याच गल्लीच्या याच रुंदीत. सहलीची मुलं जातं बघून चटकन बाहेर येतात आणि कुल्फीवाला शोधतात. मुलांनी असंच असावं. पण त्यांच्या बाईंना मी एकदा म्हटलं, घर दाखवता तशी गल्लीही दाखवा, ती पण त्याच वेळची आहे.

आता रस्त्याचं सांगते, कारण माझ्या मते जुन्या वस्तीचं खरं दुखणं रस्ता आहे आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

मी आले तेव्हा आमच्या ओट्याला चार पायऱ्या होत्या. गल्ली मातीची आणि दगडांची. रथाच्या आदल्या रात्री सगळ्या बाया मिळून गल्लीभर शेणाचा सडा घालायच्या आणि पहाटे रांगोळ्या. मग डांबर आलं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. काही वर्षांनी त्या डांबरावर दुसरं डांबर. मग काँक्रीट. मग पाण्याच्या नव्या पाइपांसाठी खोदलं, महिनोन् महिने ते तसंच उघडं राहिलं, सासऱ्यांचा पाय त्यातच मुरगळला, आणि बुजवल्यावर वर पुन्हा काँक्रीट. जुनं खरवडून नवं टाकावं, हे कोणाच्या गावीच नाही. जुन्यावर नवं थापत जायचं. चार पायऱ्यांच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. शेवटी ओटा आणि रस्ता एका पातळीला आले आणि एका पावसात गल्लीचं पाणी उंबरा ओलांडून माजघरात शिरलं. घर बुडत नव्हतं. रस्ता वर येत होता. समोरच्या नानांना मी हे म्हटलं तर ते म्हणाले, "बाई, एकच आहे ते."

आणि रस्ता वर आला की रथही वर येतो. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वेळू रुंदी मोजायचा, उंची कधी मोजावीच लागली नव्हती. मग एका वर्षी रथावरचा उसाचा शेंडा आमच्या पन्हाळीला घासला. दुसऱ्या वर्षी समोरच्यांच्या पत्र्याच्या कडेत झेंडूची माळ अडकून तुटली. वायरी तर त्या दिवशी दरवर्षी उतरवाव्या लागतात आणि वीज बंद ठेवावी लागते, पण पत्रा आणि पन्हाळी कशी उतरवणार? त्या वर्षी मोगरीवाल्यांपैकी एक जाणते गृहस्थ रथ पुढे गेल्यावर परत आले. घामाने थबथबलेले. आमच्या ओट्याशी उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि इतकंच म्हणाले, "पन्हाळी मागे घ्या, दादा." सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. ती त्यांनी या घराला केलेली शेवटची दुरुस्ती.

घर पाडलं त्या दिवशी मी गेले नाही. सासूबाई मात्र गेल्या, खुर्ची टाकून समोर बसल्या. जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी आला होता. सागाच्या तुळया, कोरलेले खांब, दाराची चौकट, सगळं घनफुटावर मोजून घेऊन गेला. त्याने सांगितलं, हे खांब मोठ्या शहरातल्या हॉटेलांत लागतात. मला त्या क्षणी फार राग आला. पण खांब जळणात गेले असते तर बरं वाटलं असतं का? कुठेतरी कोणीतरी त्यांना टेकून बसेल. कोणत्या जंगलातला तो साग, सातपुड्याचा की आणखी कुठला, कोणी तोडला, कोणत्या गाडीतून आला, हे आमच्या घरात कोणालाही सांगता आलं नाही. एवढी वर्षं आम्ही त्याच्याखाली जगलो आणि एकदाही विचारलं नाही.

मोडतोडीच्या त्या गोंधळात वेळूही गेला. मजुरांनी तो परांची बांधायला वापरला, मग तोडून जाळला. दोनपैकी एक चिंधी तेवढी रेतीत सापडली.

नवी इमारत तळमजला आणि वर चार मजले. खाली दुकानं, वर आठ फ्लॅट. त्यातले दोन आमचे. नकाशा आला तेव्हा मी पाहिलं, पहिल्या मजल्यापासून गॅलऱ्या गल्लीवर तीन फूट पुढे आलेल्या. ठेकेदार म्हणाला, सगळेच काढतात. ते खोटं नव्हतं. कोपऱ्यावरच्या इमारतीची गॅलरी तशीच पुढे आलेली आहे. तिथे दरवर्षी रथाला अवघड वळण घ्यावं लागतं, मोगरीवाल्यांना दोनदा-तीनदा चाक अडवावं लागतं, आणि तेवढा वेळ खाली गल्लीत सगळ्यांचे श्वास अडकतात. कोणी ती तोडायला लावली नाही. मला त्या गॅलरीचा राग येतो. तिच्यातून रोज कपडे वाळत असतात, एक तुळस आहे, एक म्हातारे गृहस्थ संध्याकाळी पेपर वाचतात, हे सगळं पाहूनही येतो.

वेळू नव्हता. मग मोजायचं कशाने? मी आणि धाकटे दीर टेप घेऊन थेट रथाकडेच गेलो. तिथल्या मंडळींनी हौसेने मोजू दिलं. चाकाच्या तुंब्याबाहेर आलेल्या आसाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उंची. मग केळीचे खांब बांधतात ते किती पुढे येतात, तो अंदाज. एका म्हाताऱ्या बाबांनी स्वतःहून सांगितलं, "दोर ओढताना रथ सरळ चालत नाही, डुलतो. चार बोटं धरा." मी त्यांना विचारलं नव्हतं. आमच्या वेळूवरचीच चार बोटं ती.

ते माप आम्ही इंजिनिअर मुलाला दिलं. पोरगा विशीतला, बाहेरगावचा, त्याने रथ पाहिलेला नव्हता. त्याने काही न बोलता संगणकावर गल्लीच्या नकाशात एक चौकोन काढला आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकवला. चौकोन आमच्या गॅलरीशी आला आणि लाल झाला. ती लाल रेघ पाहून माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. ती लाल चिंधीच होती.

गॅलऱ्या आत घ्यायच्या म्हणजे प्रत्येक फ्लॅटची जागा कमी होणार. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यातले दोघं चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आयुष्यभराची पुंजी लावली होती आणि रथ वर्षातून एक दिवस येतो. बैठक आमच्याच अर्ध्या बांधलेल्या तळमजल्यावर झाली. बोलणं वाढलं. सासूबाई कोपऱ्यात होत्या. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्या मधेच म्हणाल्या, "आमचे 19 हिस्से होते. रथाचा विसावा धरा." कोणी हसलं नाही. रथाच्या हिश्श्याची जागा आम्ही आमच्या दोन फ्लॅटांतून जास्त सोडली, बाकीच्यांनी थोडी-थोडी. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यामुळे गेली. रोज पोळ्या करताना ती आठवते, हे मी लपवत नाही.

ओट्याचा प्रश्न राहिला होता. रस्ता पुन्हा वर येणार हे धरून तळमजला उंच घेतला होता, म्हणजे पायऱ्या हव्यात, आणि पायऱ्या म्हणजे गल्लीत अडीच फूट. त्यावर तोडगा गल्लीतल्या लोहारानेच काढला. लोखंडी पायऱ्या, उचलून आत ठेवता येतील अशा. आता आमच्या रांगेत सहा घरांना तशाच आहेत. एकादशीच्या सकाळी सगळीकडून लोखंड घासल्याचा आवाज येतो. पायऱ्या आत जातात, दुचाक्या पुढच्या मैदानात जातात, दुकानांचे फलक उतरतात, वायरी उतरतात. गल्ली मोकळी होते. तेवढा एक दिवस ती मला माझ्या लग्नाच्या वर्षी होती तेवढी रुंद दिसते.

2020 साली, कोरोनात, रथ गावभर फिरलाच नाही. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात होतो, गल्लीपासून लांब. तरी त्या सकाळी मी इथे आले होते. एका घरानेही पायऱ्या आत घेतल्या नव्हत्या. दारांत रांगोळ्या मात्र होत्या.

नव्या इमारतीतून पहिला रथ पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. वरच्या मजल्यांवरून रथ खालून जातो. देव पायाखालून कसा जाऊ द्यायचा? धाब्यावर चढून रथ पाहू नये अशी सासूबाईंची जुन्या घरातही ताकीद होती. त्यामुळे आठही फ्लॅटांतली माणसं खाली आली. तिसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू, ज्यांची नावंही मला तोवर माहीत नव्हती, त्यांच्या लेकराला आमच्या ओट्यावर उभं केलं. वरच्या खोलीतले कारागीर हात पुसत उतरले. भिलपुऱ्यातून आलेली, मुस्लीम संत लालशा बाबांच्या समाधीकडची दोन माणसं सांगत होती की रात्री तिथे फुलांची तयारी झाली आहे. रथ तिथे थांबतो, समाधीवर फुलांची चादर चढते, तिकडून रथावर फुलं पडतात. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांची मैत्री होती असं गल्लीत सांगतात. ती फुलं मी दरवर्षी पाहायला जाते, कितीही रात्र झाली तरी.

गेल्या एकादशीला रथ तीनच्या सुमाराला आमच्या गल्लीत वळला. आधी दोरखंड आला, माणसं आली, मग वर उसाचे शेंडे आणि केळीचे खांब, मग लाकडी घोडे. मोगरीवाला वाकून चालत होता. त्याने आमच्या दाराशी हात वर केला, दोर सैल पडले, रथ पानसुपारीला थांबला. मी तबक घेऊन पुढे झाले. आरती झाली, प्रसाद झाला. आणि पुन्हा दोर ताणले जायच्या आत मी तबक मुलीच्या हातात देऊन आसाचं टोक आणि आमचा ओटा यांच्यामध्ये माझा पंजा आडवा घातला. कारागिरांतला तो धाकटा, आता चांगला पंचविशीचा झालाय, घाबरून ओरडला, "भाभी, हाथ!" मी हात काढला. रथ डुलला, सरळ झाला आणि पुढे गेला.

सासूबाई आत खुर्चीवर होत्या. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"किती राह्यलं?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या बोटांवर माझी बोटं टेकवून दाखवली. चार.

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून, आई."

त्यांनी ती चार बोटं एकदा पुन्हा चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "पायऱ्या काढ मग बाहेर. लोकं येतीन दर्शन करून, चढतीन कशे?"